बाळंतिणीची खोली

आषाढातल्या एका सकाळी ओंकार राणे उपकेंद्राच्या पायरीवर येऊन उभा राहिला, तेव्हा शर्मिष्ठा घाडी लसींच्या डब्यातली बर्फाची पाकिटं बदलत होती. ओंकार कुडाळला एका कार्यालयात कारकून होता; इस्त्रीच्या शर्टाशिवाय तो कोणाला दिसत नसे. आज तो अनवाणी आला होता आणि छत्री हातात असूनही खांद्यापासून भिजलेला होता. आत ये म्हटलं तरी येईना. त्याची बायको गौरजा बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. बाळ कालपासून दूध ओढत नाही, नुसतं झोपून असतं. गौरजा उलट्या करते आणि मधेच कोणाशी तरी बोलल्यासारखं बोलते, असं त्याने तुटक तुटक सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, "सिस्टर, घरात ताई इली आसा."

शर्मिष्ठाच्या हातातलं पाकीट हातातच राहिलं. ताई म्हणजे ओंकारची थोरली बहीण, संचिता. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

कोण म्हणतं असं, हे तिने विचारलं. गौरजा म्हणते, आईपण म्हणते, असं तो म्हणाला. आईने देवळात कौल लावला होता आणि उद्या गुरव घरी येऊन गाऱ्हाणं घालणार होता. त्याच्याआधी सिस्टरने एकदा येऊन बघावं, एवढंच त्याला वाटत होतं.

"उद्या धावो दिस," तो म्हणाला.

त्याला काय म्हणायचं होतं ते शर्मिष्ठाला समजलं. संचिता गेली ती बाळंतपणानंतरच्या दहाव्या दिवशी.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर संचिताला दिवस राहिले होते. मिठबावच्या सासरहून ती वडखोलला माहेरी आली तेव्हा तिला गाडीतून चौघांनी धरून उतरवलं होतं. वडखोल म्हणजे धामापूरच्या तळ्यावरून पुढे, काजूच्या बागांतून आत गेल्यावर लागणारं पन्नास-साठ घरांचं गाव. तिथल्या आपल्या कौलारू घराच्या मागच्या अंगाला ओंकारने बहिणीसाठी मुद्दाम नवी खोली बांधून घेतली. वर स्लॅब, खाली फरशी, आतल्या आत न्हाणीघर, खिडक्यांना सरकत्या काचा. वाऱ्याची झुळूकसुद्धा तिला लागता कामा नये, असं त्याने गवंड्याला बजावलं होतं. मुलगा झाला. सातव्या दिवशी तो काविळीने पिवळा पडला म्हणून त्याला दवाखान्यात दिव्याखाली ठेवलं, सोबत संचिताची सासू राहिली. संचिताचे टाके ओले होते, म्हणून ती घरीच होती.

नवव्या दिवशी दुपारी शर्मिष्ठा घरभेटीला गेली. डोकं फुटल्यासारखं दुखतंय, मळमळतंय, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय, असं संचिता म्हणाली. शर्मिष्ठाने ताप बघितला, रक्तदाब बघितला. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा तर नखांवर गर्द तांबडा रंग होता, ओटीभरणाच्या वेळी हौसेने लावलेला. रंग असला की यंत्र नीट वाचत नाही. म्हणून शर्मिष्ठाने कापसाने उजव्या हाताचं मधलं एकच नख पुसून काढलं आणि त्या बोटाला चिमटा लावला. यंत्रावर नव्याण्णव आलं. नाडी एकशे बारा होती, ती तिला जरा जास्त वाटली, पण रात्रीची झोप नाही, बाळ जवळ नाही, असं होणारच, असं तिने मनाशी म्हटलं.

"नव्याण्णव म्हणजे काय गो?" संचिताने विचारलं होतं.

"म्हणजे तुझ्या रक्तात प्राणवायू भरपूर आसा. काय काळजी करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी राधाबाई, संचिताची आई, चहा घेऊन गेली तेव्हा सगळं संपलं होतं. शेवटची आंघोळ घालायला ज्या बायका आल्या त्यांत शर्मिष्ठाही होती. संचिताच्या गालांवर लाली होती, ओठ विडा खाल्ल्यासारखे रंगलेले. मेलेलं माणूस असं दिसत नाही. झोपलीय, आत्ता डोळे उघडेल, असं एक जण म्हणाली आणि सगळ्या रडायच्या थांबल्या. शर्मिष्ठा हातांकडे बघत होती. नऊ नखं तांबडी आणि एक कोरं.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी कागदावर फुप्फुसात रक्ताची गाठ असं लिहून पुढे कंसात 'संभाव्य' लिहिलं. अशा मृत्यूचा लांबलचक अर्ज भरावा लागतो. तो शर्मिष्ठाने भरला. आदल्या दिवशीच्या तपासणीच्या रकान्यात तिने आपल्या हाताने नव्याण्णव लिहिलं, आणि तेव्हापासून त्या आकड्याने तिची पाठ सोडली नाही. एसटीच्या नंबरात तो दिसला तरी ती पुढची गाडी येईपर्यंत थांबून राही. प्रत्येक पेशंटला ती दोन-दोनदा, वेगवेगळ्या बोटांना चिमटा लावून बघे, आणि आकडा चांगला आला की तिसऱ्या बोटालाही लावे. गावात लोक म्हणत, बाळंतपणात गेलेली बाई अळवंत होते, आपल्या पोराच्या वासावर परत येते. शर्मिष्ठा तसलं काही मानत नव्हती. पण राण्यांच्या घरावरून जायचं असलं की ती वळसा घालून खालच्या वाटेने जाई.

त्या दिवशी मात्र ती ओंकारच्या मागून सरळ वाटेने गेली.

राधाबाई पुढच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. गेली दोन वर्षं शर्मिष्ठाने तिला जेव्हा जेव्हा बघितलं, तेव्हा ती वाळलेल्या लाकडासारखी दिसली होती. कोणी हाक मारली तरी ओ द्यायला वेळ लागे. आज तिचा चेहरा निवांत होता. केस नीट विंचरलेले, लुगडं धुतलेलं. शर्मिष्ठाला बघून ती हसली. शर्मिष्ठाला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

"ओंकार भियालो आसा," ती म्हणाली. "तू भिया नको. चेडू आपल्या आवशीच्या घराक येता. कोणाचा वायट करूक येणा नाय."

शर्मिष्ठाने कधी येते म्हणून विचारलं. सांज झाली, धुरी दिली, दार लावून घेतलं की येते, राधाबाईने सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी बसते. बोलत नाही. आता आता तर दिवसासुद्धा येते. राधाबाई म्हणूनच त्या मागच्या खोलीत, जिथे आता गौरजाला ठेवलं होतं, तासन् तास बसून राहू लागली होती. सून बाळंतीण आहे, तिच्याजवळ कोणीतरी हवंच, असं ती ओंकारला सांगे.

खोलीचं दार उघडलं तसा आतल्या उबेचा लोट अंगावर आला. ओवा आणि बाळंतशेपांचा वास होता. धूर म्हणावा तर अजिबात नव्हता. कोपऱ्यात लोखंडी शेगडीत करवंट्यांचे निखारे फुलले होते, त्यांच्यावर मोठी दुरडी पालथी घातलेली आणि दुरडीवर लंगोट आणि दुपटी वाळत टाकलेली. बाहेर गेले सहा दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. बाळाचे कपडे दुसरीकडे कुठे वाळणार? खिडक्यांच्या काचा बंद होत्या आणि खालच्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. न्हाणीघराच्या वरच्या झरोक्यालाही प्लास्टिक बांधलेलं होतं.

गौरजा डोळे मिटून पडली होती. हाक मारल्यावर तिने डोळे उघडले, पण ओळखायला तिला वेळ लागला. पाहुणी आल्यासारखी ती म्हणाली, बसा. बाळ तिच्या कुशीत होतं, मुलगी, गुलाबी आणि गरगरीत. शर्मिष्ठाने तिला उचललं तर हात-पाय ओल्या कपड्यासारखे लोंबले. तळव्यावर टिचकी मारली तेव्हा ती एकदाच कुरकुरली आणि परत झोपली.

शर्मिष्ठाने पिशवीतून ऑक्सिमीटरचा चिमटा बाहेर काढला. गौरजाला अठ्ठ्याण्णव. तळव्याला लावायचा छोटा चिमटा होता, तो बाळाला लावला. नव्याण्णव.

तिने दाराकडे बघितलं. दार राधाबाईने परत लावून घेतलं होतं.

पुढचा तासभर ती बाळाला दूध प्यायला लावायच्या खटपटीत होती. चमच्याने थेंब थेंब घातलं तरी ते ओठांच्या कडेने बाहेर येई. मधे मधे गौरजा बोलत होती. सांजेला हात उचलेनासे होतात, पलंगात कोणी दाबून धरल्यासारखं होतं. मग ती येते. तोंड दिसत नाही, पण बांगड्या वाजतात. आंघोळीला मागच्या पडवीत नेलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. खोलीतलं न्हाणीघर तुंबलं होतं म्हणून दोन दिवस तिथे नेत होते. परत आत आलं की परत तेच. "ताई माका हंयसून जा म्हणता," गौरजा म्हणाली. "ही खोली तिची."

शर्मिष्ठाच्या कपाळावर कोणी पट्टा आवळत आणल्यासारखं होऊ लागलं होतं. सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून असेल, असं तिला वाटलं. कानांत घूं घूं होत होतं. तिने नजर वर केली तर शेगडीजवळ पाटावर संचिता बसली होती. पाठमोरी. दुरडीवरचा एकेक लंगोट काढून मांडीवर घडी करत होती, बायका करतात तशीच, तळहाताने दाबून दाबून. हात पुढे आला तेव्हा मधल्या बोटाचं नख कोरं दिसलं. शर्मिष्ठाला भीती वाटली नाही. तिला फार वाईट वाटलं. दोन वर्षं जे कोणाला सांगता आलं नव्हतं ते आता सांगून टाकावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्दच फुटेना. उठायला गेली तर गुडघ्यांत बळ नव्हतं.

शेवटी भिंत धरून धरून ती दाराशी पोचली, कडी काढली आणि मागच्या पडवीत जाऊन भडाभडा ओकली. पावसाची झड तोंडावर येत होती, ती तिने येऊ दिली. खांबाला टेकून ती नुसती श्वास घेत राहिली. दहा-पंधरा मिनिटांनी कपाळावरचा पट्टा थोडा सैल झाला.

राधाबाई पाणी घेऊन आली. तिच्याकडे निरखून बघत तिने हळूच विचारलं, "दिसली मा?"

शर्मिष्ठाने मान हलवली. खोटं बोलवेना.

"माकापण डोक्या दुखता, ती इली की," राधाबाई समाधानाने म्हणाली. "भायर इलय की रवता."

बाहेर आलं की थांबतं. शर्मिष्ठा ते शब्द मनातल्या मनात घोळवत उभी राहिली. गौरजालाही मागच्या पडवीत बरं वाटत होतं. आणि आता तिला स्वतःलाही.

दीड वर्षापूर्वीचं एक प्रशिक्षण तिला आठवलं. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर विराज सामंत नावाचे एक तरुण डॉक्टर परिचारिकांना प्राणवायूविषयी शिकवत होते. ते मूळचे मालवणचे, म्हणून त्यांनी होड्यांचं उदाहरण घेतलं होतं. प्राणवायू म्हणजे उतारू आणि रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे होड्या. कधी बंदरावर उतारूच नसतात, जसं जुन्या विहिरीच्या तळाला. तिथे हवेतच प्राणवायू कमी. कधी होड्याच कमी असतात, म्हणजे अंगात रक्त नाही. कधी होड्या आहेत, उतारू आहेत, पण खाडी आटलीय, म्हणजे हृदय रक्त पुढे ढकलत नाही. आणि कधी उतारू पलीकडे पोचतो, पण तिथलं दारच कोणी उघडत नाही. काही विषांनी तसं होतं. चारही वेळेला शरीर गुदमरतं. ते म्हणाले होते, तुमचा चिमटा काठावर उभा राहून लांबून जाणारी होडी बघतो. लाल दिसली की भरलेली, काळसर दिसली की रिकामी. त्याला एवढंच कळतं. पण निखाऱ्याचा एक वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो होडीत घुसला की जागा सोडत नाही, आणि होडी लालच दिसते, उलट जास्तच लाल. काठावरून बघणाऱ्याला वाटतं भरलेली आहे. आत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही.

तेव्हा त्यांनी शहरातल्या न्हाणीघरांतल्या गॅसच्या गिझरची गोष्ट सांगितली होती. वडखोलला कोणाकडे गिझर नव्हता. शर्मिष्ठाने वहीत उतरवून घेतलं आणि वही मिटली होती.

आता तिला संचिताच्या गालांवरची लाली आठवली.

ती परत आत गेली ती श्वास रोखूनच. बाळ उचललं आणि पडवीत आणून ओंकारच्या हातात दिलं. मग बाळाला एका हाताने धरून ओंकारने आणि तिने गौरजाला आधार देत बाहेर आणलं. राधाबाई दारात आडवी आली होती. नवव्या दिवशी बाळंतिणीला वाऱ्यावर काढायची ही कुठली रीत, असं तिचं म्हणणं. शेगडीचं नाव काढताच तर ती चिडली. तिची स्वतःची चार बाळंतपणं ह्याच शेगडीवर झाली होती, तिच्या सासूचीही. करवंट्या ती अंगणात पेटवायची, धूर पुरता जाईपर्यंत थांबायची आणि मगच आत आणायची.

"बघ ना तू. धूर आसा काय?"

"धूर नाय म्हणानच कळाक नाय, काकी."

जुन्या घराला वर कौलं होती, शर्मिष्ठाने सांगितलं. त्यांच्या फटींतून जायचं ते निघून जायचं. ह्या खोलीतून काहीच बाहेर जात नाही. ओंकार बाळाला छातीशी धरून उभा होता. त्याने एकदा खिडकीखालच्या चिंध्यांकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

राधाबाईचा विरोध एकदम गळून गेला. ती पुढे आली आणि शर्मिष्ठाचा हात धरून अगदी लहान आवाजात म्हणाली, "तू खोली उघडी टाकलंस तर ती खंय येतली?"

शर्मिष्ठाने आपला हात हळूच सोडवून घेतला. तिने १०८ ला फोन लावला, आणि नंतर डॉक्टर सामंतांना.

गाडीत तिने राधाबाईलाही जबरदस्तीने बसवलं. रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या सिस्टरने तिघींना चिमटे लावले, सगळ्यांचे आकडे उत्तम आले, तेव्हा प्राणवायू कशाला लावायचा, हे तिला समजेना. शर्मिष्ठाने तिच्याशी वाद घातला नाही. आपणच नळ सोडला, गौरजाच्या तोंडावर पिशवीचा मास्क घट्ट बसवला आणि बाळासाठी छोटा मास्क मागितला. एवढ्यात डॉक्टर सामंत आले. त्यांनी फक्त खोलीत काय होतं ते ऐकून घेतलं आणि प्राणवायू पूर्ण वाढवायला सांगितलं. साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा जायला चार-पाच तास लागतात, ते म्हणाले, मास्कने दीड तासात जाईल. होडीतून त्याला हुसकायचं तर बंदरावर उतारूंची गर्दी करावी लागते.

प्रत्येकीचं थोडं थोडं रक्त घेऊन कुडाळला पाठवलं. रक्तात कोणता वायू किती ते वेगवेगळं सांगणारं यंत्र एका खासगी दवाखान्यात होतं. दुपारी चारला फोन आला. तासभर प्राणवायू देऊन झाल्यावर घेतलेल्या रक्तातसुद्धा गौरजाचा आकडा तेवीस होता. शंभरातल्या तेवीस होड्या अडवलेल्या. बाळाचा थोडा जास्तच होता. घरी असताना किती असतील त्याचा हिशोब डॉक्टरांनी बोलून दाखवला नाही. आजची रात्र त्या खोलीत काढली असती तर, एवढंच म्हणाले, आणि वाक्य तिथेच सोडलं.

संध्याकाळी बाळ रडलं. असं रडलं की बाजूच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या. गौरजाने मास्क बाजूला करून तिला छातीशी लावलं, आणि ते ओढायला लागलेलं बघून ओंकार बाहेर जाऊन भिंतीला तोंड करून उभा राहिला.

राधाबाईचा आकडा अकरा निघाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसली होती. शर्मिष्ठा तिच्यासाठी पेज घेऊन आली. राधाबाईने पेजेला हात लावला नाही.

"माझ्यात अकरा होते मा?" तिने विचारलं.

"होय."

"त्येनाच माका ती दिसत होती?"

"होय, काकी. माकापण त्येनाच दिसली."

राधाबाईने पदर बोटांना गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. पुढचा प्रश्न काय असणार ते शर्मिष्ठाला ठाऊक होतं. कालपासून ती त्याचीच वाट बघत होती. नाही म्हणता आलं असतं. त्या वेळी रक्त कोणी तपासलं नव्हतं, शव चिरून बघितलं नव्हतं, आता राखही राहिली नव्हती; नक्की कळायला काही मार्ग नाही म्हटलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं.

"माझ्या संचिताक पण तेनाच नेल्यान?"

"माका वाटता तेनाच," शर्मिष्ठा म्हणाली.

शर्मिष्ठा तेवढ्यावर थांबली नाही. नवव्या दिवशी दुपारी आपण त्या खोलीत गेलो होतो, तिचं डोकं दुखत होतं, नाडी जोरात पळत होती, आणि आपण बोटाला यंत्र लावून भरपूर प्राणवायू आहे, काळजी करू नको, असं सांगून निघून आलो, हे सगळं तिने सांगितलं. खिडकी उघड एवढं जरी म्हटलं असतं तरी. तिने शेवटपर्यंत सांगितलं. राधाबाई ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"त्या दिवशी सांजेक ती म्हणाली, आये, शेगडी भायर ने, माका गुदमरता," राधाबाई म्हणाली. "मी नेलय नाय. म्हटलंय, सर्दी होतली तुका."

पेज निवली.

चौथ्या दिवशी गौरजा बाळाला घेऊन घरी गेली, पण मागच्या खोलीत नाही. माजघरात तिची खाट टाकली. ओंकारने त्याच गवंड्याला बोलावून खोलीची एक भिंत फोडायला लावली आणि आरपार जाळी बसवली. भिंतीवर पहिला घाव पडला तेव्हा राधाबाई घरात नव्हती. देवळात गेली होती, असं सांगत. पण गुरव म्हणाला, ती देवळात आली नव्हती. तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेली कोणीतरी बघितली होती.

शर्मिष्ठाने डॉक्टर सामंतांना विचारून जिल्ह्याला एक पत्र लिहिलं, दोन वर्षांपूर्वीच्या त्या अर्जाला जोडायला. कारण बदलता येणार नाही, पुरावा नाही, असं उत्तर आलं. पत्र मात्र अर्जासोबत ठेवून घेतलं. पुढच्या महिन्यात तिने आशाताईंना घेऊन गावागावात फिरून स्लॅबच्या घरांतल्या बाळंतिणींच्या खोल्या बघितल्या. तीन ठिकाणी बंद खोलीत शेगडी सापडली. एका घरात लहान मूल रोज संध्याकाळी कोपऱ्यात बोट दाखवून रडायचं, म्हणून उंबऱ्याला बिब्बा बांधला होता.

श्रावण लागल्यावर एका सकाळी राधाबाई उपकेंद्रावर आली. हातात पिशवी, पिशवीत नाचणीचं पीठ आणि विणलेली एक टोपी. मिठबावला जायचं आहे, तू सोबत ये, म्हणाली. संचिताचा मुलगा तिथे आपल्या आजीकडे वाढत होता. दोन वर्षांत राधाबाईने त्याला बघितलं नव्हतं. तिकडच्यांनी बोलावलं नाही. वडखोलच्या घराला काहीतरी आहे, पोराला तिकडची सावलीसुद्धा नको, असं त्यांचं ठरलं होतं. राधाबाईनेही पाय टाकला नव्हता, कारण तिलाही तेच वाटत होतं.

"काय सांगतलास त्येंका?" शर्मिष्ठाने विचारलं.

"जा झाला ता. माझ्या शेगडीन झाला म्हणान सांगतलंय. तू आपला सांग. मगे त्येंका काय बोलाचा ता बोलांदेत."

शर्मिष्ठाने रजेचा अर्ज लिहिला. एसटी आचऱ्यापर्यंत होती, तिथून दुसरी. दोघी मागच्या बाकावर बसल्या. आचऱ्याच्या पुढे समुद्राकडून वारा येऊ लागला. खिडकीची काच अडकली होती. राधाबाईने दोन्ही हातांनी जोर लावून ती वर केली आणि वारा तोंडावर घेत राहिली. केस विस्कटले तरी तिने आवरले नाहीत.

"आता ती येणा नाय," थोड्या वेळाने ती म्हणाली. "मी बसान बघलंय. भिंत फोडल्यार तीन दिस बसलंय थंय. कोण येणा नाय."

शर्मिष्ठाने तिचा हात हातात घेतला. गाडी खाडीच्या पुलावर आली होती. खाली भरतीचं पाणी चढत होतं. राधाबाईने पिशवीतून टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि दोन वर्षांच्या पोराला ती होईल का, असं विचारलं. शर्मिष्ठाने टोपी हातात घेऊन बघितली. लहान होती. पण ती होईल म्हणाली.